शनिवारवाले, रविवारवाले

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हरलो नाही. जिंकलोही नाही. पण वाहिद अर्धा चहा तसाच ठेवून उठला, म्हणजे आजचा दिवस माझा!

मी एवढंच म्हटलं होतं, की तुझ्या शनिवारवाल्या बँडचा ड्रमवाला पिऊन स्टुलावरून पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गाण्यातच आहे. वाहिद म्हणाला, "पडनारच! माणूस व्हता त्यो. तुझं डबडं कशाला पडतंय? त्याला बूड कुटं हाय?" लोणावळा स्टेशनबाहेरच्या टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो.

परत येताना मात्र गाडीत मनाला लागून राहिलं. तो उठताना बाकडं धरून उठला. रागानं उठला, की चक्कर आली? फोन करावा का? केला नाही. मग घर येईपर्यंत वाटत राहिलं, करायला हवा होता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

फोन केला. वाहिद म्हणाला, "काय, माफी मागतूस व्हय?" मी ठेवून दिला. बरा आहे!

शनिवार, ८ नोव्हेंबर

ही डायरी सुनेनं दिली. सारिका म्हणाली होती, "आबा, जी काळजी वाटेल ती हिच्यात लिहीत जा. जेवताना नको." रागानं नाही, हसत म्हणाली. पोरीचे उपकार आहेत. पानाला कंटाळा येत नाही. माणसांना येतो, आणि त्यांचंही बरोबर आहे. माझ्या आईची माझ्या आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून माझं नाव धोंडिबा ठेवलं — दगडाला कोण नेतो! पण तिनं जी भीती दुधातून पाजली, ती सत्तरीतही उतरत नाही.

आज नात विचारत होती. अपेक्षा, बारावीला आहे. "आजोबा, तुम्ही आणि वाहिद आजोबा दर मंगळवारी नक्की कशावर भांडता?" तिला सांगितलं. सांगताना इतकं बरं वाटलं की इथंही लिहितो.

लोणावळ्यात टेकडीवर एक मोठं हॉटेल होतं. आता तिथं बंगले झालेत. मी हॉलमध्ये वेटर होतो, सातवी नापास. वाहिद हॉटेलची मेटाडोर चालवायचा. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. शनिवारी वांद्र्याहून चार पोरं यायची — तिघांकडे गिटारी, एकाकडे ड्रम. केस खांद्यापर्यंत, घाम गळतोय, भिंती हादरतायत. रविवारी पुण्याच्या कॅम्पातून भाऊ-बहीण यायचे. त्यांच्याकडे पेटीसारखं एक यंत्र, आणि ठेका द्यायला दुसरं, बिस्किटाच्या डब्याएवढं. बस्स! बहीण एक बोट ठेवायची आणि हॉल भरून जायचा, खंडाळ्याच्या दरीत धुकं भरतं तसा. दोघांचीही गाणी इंग्रजी. शब्द एकही कळला नाही. मला नाही, वाहिदलाही नाही.

वाहिद शनिवारचा, मी रविवारचा. त्यांना आणणं-पोचवणं त्याचंच काम, त्यामुळं त्याला दोघंही आतून माहीत. तरी त्याचं एकच म्हणणं — ज्याच्या बोटाला फोड येत नाही ते वाजवणं नव्हे. पुढं काय होईल ते ठाऊक नसतं, त्यातच मजा.

आणि मला त्याचंच भय! शनिवारी मी ट्रे घेऊन उभा राहायचो आणि वाट बघायचो. आता तार तुटेल. आता ठेका सुटेल. आता हा पडेल. (आणि पडला!) रविवारी ठेका जिथं यायचा तिथंच यायचा. ती बहीण वाजवत असेपर्यंत मला कशाचीच भीती वाटायची नाही. आयुष्यात अशी वेळ फार थोडी मिळाली. त्या यंत्राचे उपकार मी कसे विसरू?

अपेक्षानं मोबाईलवर शोधलं. म्हणाली, "आजोबा, शनिवारवाले म्हणजे रॉक. रविवारवाले म्हणजे सिंथपॉप. जगभर लोक अजून यावर भांडतात, हे बघा." खरंच! इंग्रजीत कुणीकुणी एकमेकांना शिव्या दिल्या होत्या, तिनं वाचून दाखवल्या. एक जण लिहितो, यंत्राला घाम येत नाही. दुसरा लिहितो, घाम ऐकायला कोण येतं!

म्हणजे इंग्लंडातही म्हातारे आहेत. तिकडेही कुणाला तरी एक वाहिद आहे. फार बरं वाटलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आंदर मावळातून धाकट्या भावानं नव्या इंद्रायणीचं पोतं पाठवलं. बायकोनं — सरूनं — लगेच भात टाकला. घरभर वास! मी थोडाच खाल्ला, हल्ली चार घासांत पोट भरतं. सरू म्हणाली, "चिंता खाऊनच पोट भरल्यालं असतं तुमचं." पायजम्याची नाडी पुन्हा आवळून बांधली.

वाहिदसाठी पिशवीभर तांदूळ काढून ठेवलाय. शनिवारवाल्यांच्या माणसाला चांगला तांदूळ द्यावा का, हा प्रश्नच आहे. देतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

उशीर झालाय. तरी लिहितो.

आम्ही भेटल्यावर रामराम-सलाम करत नाही. हॉटेल बंद झाल्यापासून कधी केला नाही. ज्याला दुसरा आधी दिसेल त्यानं त्याच्या बँडला शिवी घालायची, तोच आमचा रामराम. आज वाहिद आधीच येऊन बसला होता. मला बघून ओरडला, "आला, आला डबडंवाला! काल माज्या घरचा मिक्सर बिघाडला, म्हनलं धोंड्याला इचारावं, ह्ये गानं कंच्या रविवारी—"

आणि पडला. बाकड्यावरून सरळ खाली. डोळे उघडे.

मी काय केलं आठवत नाही. टपरीवाला सांगतो की मी तांदळाची पिशवी त्याच्या डोक्याखाली ठेवली. थोड्या वेळानं त्यानं डोळे हलवले. म्हणाला, "कुटं हाय मी?" रिक्षा, मग गाडी, मग तळेगावचं मोठं हॉस्पिटल. त्याचा मुलगा फिरोज पवनानगरला टुरिस्ट घेऊन गेला होता, तो तसाच निघून आला. त्या टुरिस्टांचं भलं होवो, त्यांनी एक शब्दानं तक्रार केली नाही म्हणे.

टपरीवाल्याचं, रिक्षावाल्याचं, सगळ्यांचं भलं होवो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वाहिदच्या काळजाचे ठोके फार कमी पडतायत. मधेच थांबतात. थांबले की तो पडतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, पेसमेकर बसवायचा. छातीत, कातडीखाली एक छोटं यंत्र. ते ठोके देणार.

फिरोज मला बाहेर येऊन सांगत होता आणि मी भलतंच ऐकत होतो. बिस्किटाच्या डब्याएवढं ते यंत्र माझ्या डोळ्यांपुढं. वाहिदच्या छातीत!

हसू आलं. मग हसलो म्हणून घाबरलो. दवाखान्यात हसू नये.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तो नाही म्हणतो! "मला मशीनचा ठेका नगं." त्याची बायको रशिदा समजावून थकली. डॉक्टरबाई म्हणतात, फार दिवस थांबता येणार नाही. पुन्हा ठोका थांबला आणि परत आलाच नाही तर?

डोळा लागला नाही. परत आलाच नाही तर.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज त्याच्याजवळ बसलो. किती लहान दिसतो तो त्या खाटेवर! छातीला वायरी चिकटवलेल्या, बाजूला पडद्यावर रेघ. रेघ उठते, मग बराच वेळ सपाट, मग उठते. मी त्या सपाट जागेकडं बघत राहिलो. तिथं श्वासच घेतला नाही मी.

त्यानंच काढलं. "काय रं, आज भांडत न्हाईस?" आवाज नुसता कुजबुज.

मला गलबलून आलं. आजारी माणूस, कशाला दुखवायचं? म्हटलं, "कशापायी भांडू? तुजंच खरं व्हतं, वाहिद. शनिवारवालेच चांगले व्हते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंतीकडं तोंड केलं.

चला, म्हाताऱ्याला समाधान तरी वाटलं असेल. घरी येताना मलाही हलकं वाटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मी काय करून बसलो!

सकाळी रशिदाचा फोन. "धोंडिबाभाऊ, काल तुमी त्यांना काय बोल्लात?" मी म्हटलं, काही नाही, चांगलंच बोललो. "मग असं कसं झालं? रातच्यानं एकच चाललंय, मला घरी न्या, मला भांगरवाडीत माज्या खाटंवर मरू द्या. काल नगं नगं म्हनत व्हते, पन जरा ऐकत तरी व्हते. आज तोंडबी उघडंनात."

मग फिरोजनं घेतला. "काका, ते म्हणतात — धोंड्यानं कबूल केलं. डॉक्टरनं त्याला खरं सांगितलंय, तुम्ही लोक लपवताय. माझं काही खरं नाही, नाहीतर धोंड्या मेला तरी कबूल करायचा नाही."

हातातला फोन खाली ठेवायचंही सुचलं नाही. मला वाटलं मी औषध देतोय.

सरूला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग बसलाय काय? जावा आन भांडा." मी म्हटलं, आजारी माणसाशी भांडायचं? त्याचं काळीज थांबलं तर? "त्ये तुमी गोड बोल्लात म्हनून थांबाया लागलंय," ती म्हणाली. "जन्मभर त्याला शिव्याच दिल्यात. आता ऐन टायमाला ग्वाडवा कशाला?"

पण आज हिंमत झाली नाही. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या.

रविवार, १६ नोव्हेंबर

रविवार आहे. आपलाच वार! असं म्हणतच गेलो.

वाहिद भिंतीकडं तोंड करून पडलेला. रशिदा बाजूला. रामराम नाही, सलाम नाही. दारातूनच म्हटलं, "परवा मी खोटं बोल्लो. तुजे शनिवारवाले भिकार व्हते."

पाठ हलली नाही.

"गिटार लावायला अर्धा तास, सोडायला अर्धा तास, आन मधी एक गानं. त्येबी अर्धं, कारन तार तुटायची."

भिंतीला म्हणाला, "घरी जा, धोंड्या."

"जातो. पन आदी हसून घेतो! जन्मभर माज्या डबड्याला शिव्या घातल्यास. आता तुज्या छातीतला ड्रमवालाबी पिऊन पडलाय, आन त्याला उठवाया कोन येनार? रविवारवाल्यांचं डबडं!"

रशिदानं तोंडाला पदर लावला. रडते की हसते कळेना. पडद्यावरच्या रेघेकडं बघायचं नाही, असं ठरवूनच आलो होतो.

वाहिद वळला. वायरीसकट वळला. "डबडं मला उठवनार? मी बसवूनच घेत न्हाई जा!"

"भ्यालास म्हन की."

"मी? मी भ्यालो?" तो उठूनच बसला. "कोन बोलतंय बगा! वरातीत फटाका वाजला तर नवरदेवाच्या मागं लपनारा! आरं, त्या दिशी हॉलातली लाईट गेली, तुज्या भावा-बहिनीचं डबडं आईच्यान गप झालं, ती पोरगी रडाया लागली. आन माजा ड्रमवाला! त्याच्या शनिवारी लाईट गेली तवा थांबला का त्यो? अंधारात वाजवला, आंधारात! लोकं मेनबत्त्या घिऊन नाचली!"

"अंधारात वाजवला म्हनून दिसलं न्हाई किती चुकला त्ये!"

"चुकला तर चुकला! जित्ता मानूस चुकतोच!"

"जित्ता ऱ्हायला तर चुकंल ना!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

नर्स धावत आली. तिच्यामागं डॉक्टरबाई. त्यांनी आधी पडद्याकडं बघितलं, मग वाहिदकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता बाहेर काढतात. पण वाहिदनंच त्यांना विचारलं, "बाई, एक सांगा. त्ये डबडं माज्या छातीत दिसभर वाजतच ऱ्हानार का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही, काका. तुमचं हृदय आपलं आपण चाललं की ते गप्प बसतं. नुसतं ऐकत असतं. तुमचा ठोका चुकला, तरच ते एक ठोका देतं. मग पुन्हा गप्प."

नुसतं ऐकत असतं! रविवारच्या यंत्राला ते जमत नव्हतं. ते आपलंच वाजवायचं.

"म्हंजी वाजवनार माजाच मानूस?" वाहिदनं विचारलं.

"तुमचाच."

"आन डबडं कोपऱ्यात बसून ऐकनार."

"तसंच समजा."

वाहिद माझ्याकडं वळला. तोंडावर असं तेज, जशी मेटाडोर घाट चढून वर आलीय. "ऐकलंस? नोकर हाय त्ये! माज्या ड्रमवाल्याच्या हाताखालचं नोकर!"

"मालक हाय," मी म्हटलं. "नोकर वाजवतो, मालक बसून ऐकतो."

"बाई," तो म्हणाला, "कवा बसवताय? ह्याला बाहेर काडा आन बसवा."

मी बाहेर आलो आणि जिन्यावर बसून रडलो. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, तिनं पाण्याची बाटली पुढं केली. काही विचारलं नाही. तिचं भलं होवो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज बसवलं. मी बाहेर बसून होतो. फिरोज म्हणाला, "काका, तुम्ही कशाला सकाळपासून?" मी म्हटलं, माझ्या बाजूचं यंत्र आत गेलंय, मी नको का हजर?

सगळं नीट झालं. देवा! अल्ला! जो कुणी आज ड्युटीवर होता त्याचे उपकार!

डॉक्टरबाई बाहेर आल्या, चांगली बातमी सांगितली आणि जाता जाता थांबल्या. "तुम्ही इतके बारीक कधीपासून झालात, काका?" मी म्हटलं, जन्मापासून. त्या हसल्या नाहीत. संदेशचा — माझ्या मुलाचा — नंबर मागून घेतला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वाहिद शुद्धीत येऊन पहिलं काय म्हणाला? "भायेर डबडंवाला बसलाय का? त्याला म्हनावं, अजून एकदाबी वाजलं न्हाई."

गुरुवार, २० नोव्हेंबर

वाहिद घरी गेला. मी सोबत गेलो, भांगरवाडीपर्यंत. डावा हात झोळीत. हात वर न्यायचा नाही, मोबाईल त्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही. मी सगळं पाठ करून घेतलंय, कारण तो ऐकणारच नव्हता. रशिदानं माझ्या इंद्रायणीची खिचडी केली. तीच पिशवी, जी त्याच्या डोक्याखाली होती!

निघताना मी म्हटलं, "वाहिद, चुकलं माजं. त्या दिशी गोड बोलाया नको व्हतं."

तो म्हणाला, "मेल्या, लय घाबरलो मी. डॉक्टरानं सांगितलं आसतं तर येवढं घाबरलो नसतो. तू कबूल केलंस आन माजी तर मातीच झाली." मग हसला, छाती धरून. "ध्येनात ठेव धोंड्या. ज्या दिशी मी म्हनंल का तुजे रविवारवाले चांगले, त्या दिशी तुजी लाकडं फोडाया घे!"

रशिदा आतून म्हणाली, "काय अभद्र बोलायचं येकेक!" आम्ही दोघं हसत होतो. फार दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो. खरंच दुखलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

संदेशनं कंपनीतून रजा टाकली आणि मलाच हॉस्पिटलात नेलं. "आबा, एकदाचं तुमचंही सगळं बघून घेऊ, म्हणजे तुमची काळजी मिटेल." रक्त घेतलं. पोटावर थंड काहीतरी फिरवलं. मग एका मोठ्या भोकातून आत-बाहेर केलं, त्याचा घूं-घूं आवाज अगदी रविवारच्या पहिल्या गाण्यासारखा! डोळे मिटून पडून राहिलो. भीती वाटली नाही. त्या मुलांना सांगितलंही, तुमचं मशीन सुरात आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

लोणावळ्याला गेलो. वाहिदच्या ओट्यावर बसलो, टपरीवर जायला त्याला बंदी. शिव्या घालताना त्याला दम लागत नाही आता! तो म्हणतो डबडं अजून वाजलंच नाही. मी म्हणतो, शंभरदा वाजलं, तुला कळलं नाही, हीच तर रविवारवाल्यांची सफाई.

बुधवार, २६ नोव्हेंबर

संदेश म्हणाला, "आबा, तुमचं सगळं ठीक आहे. थोडं औषध घ्यायचं, बाकी काही नाही."

एरवी मी तीनदा विचारलं असतं. आज एकदाही नाही. मन इतकं भरलेलं असलं की शंकेला जागा उरत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सरूनं आज नारळीभात केला. सण नाही, वार नाही. म्हटलं, हे काय? म्हणाली, "वाटलं करावा." मी दोनच घास खाल्ले, तरी टोमणा नाही!

रविवार, ३० नोव्हेंबर

संदेश संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. नुसता बसला. किती वर्षांनी! नोकरी लागल्यापासून पोरगा कधी असा बसला नव्हता. त्यानंच विचारलं, "आबा, ते रविवारवाले कसे वाजवायचे?" मी तोंडानं ठेका धरून दाखवला. तो ऐकत राहिला. डोळे लाल होते त्याचे, कंपनीतल्या धुळीनं होतात. मी सांगितलं, थेंब घालत जा.

मंगळवार, २ डिसेंबर

आज गेलो नाही. थकवा होता. वाहिदला फोन केला, म्हटलं पुढच्या मंगळवारी दुप्पट भांडू. तो "बरं" म्हणाला. नुसतं "बरं"? शिवी नाही. त्याला अजून अशक्तपणा असेल.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सारिका आज म्हणाली, "आबा, डायरीतच कशाला लिहिता सगळं? काय वाटतं ते जेवताना सांगत जा. आम्ही ऐकतो."

काय बोलावं! असं घर कुणाला मिळतं? मी काळज्या आठवायला बसलो तर एकही आठवेना. अपेक्षा हसली, म्हणाली, "बघा, विचारलं की पळाल्या." मग मी वांद्र्याच्या पोरांची, ड्रमवाल्याची गोष्ट सांगितली. सगळ्यांना ती पाठ आहे. तरी सगळे ऐकत होते, ताटं वाळेपर्यंत.

एक गोष्ट मात्र इथंच लिहितो, वाहिदला कधी सांगणार नाही. तो अंधारातला शनिवार मलाही आठवतो. माझ्या हातात मेणबत्ती होती. ड्रमवाल्याजवळ मीच धरून उभा होतो. त्या रात्रीही मला भीती वाटली नव्हती.

मंगळवार, ९ डिसेंबर

मी चपला घालत होतो, तेवढ्यात दारात गाडी थांबली. फिरोजनं वाहिदला इथं आणलं, वराळ्याला! इतकी वर्षं बोलावतोय, कधी आला नाही. "तुज्याकडं काय बगायचं, बिल्डिंगा?" म्हणायचा.

दारात उभा राहिला. म्हणाला, "रामराम, धोंडिबा."

आत आला. बसला. पाणी प्याला. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "तुजे रविवारवालेच चांगले व्हते."

सारिका उठून आत गेली. सरूनं तोंड फिरवलं. नारळीभात, संदेशचे लाल डोळे, जेवतानाचं ते सगळ्यांचं ऐकणं — एकेक आपापल्या जागी येऊन बसलं.

मी भीतीची वाट बघितली. आली नाही. ठेका जिथं यायचा, तिथंच आला होता.

म्हटलं, "खोटारड्या! नीट मांडी घालून बस. आन भांड."